'सावध राहा' म्हणून भागत नाही

घरात कुणाची ऑनलाइन फसवणूक झाली, की सांत्वनाआधी येणारा प्रश्न ठरलेला असतो: "अहो, पण त्या लिंकवर क्लिक कशाला केलंत?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण प्रश्नातच निकाल लागलेला असतो. चूक क्लिक करणाऱ्याची. मग बँकेच्या संदेशापासून शाळेच्या सूचनेपर्यंत तोच उपदेश: सावध राहा, अनोळखी लिंक उघडू नका, खात्री केल्याशिवाय काही डाउनलोड करू नका. ऐकायला बरा वाटणारा हा उपदेश अमलात कसा आणायचा, हे मात्र कुणी सांगत नाही. पहिल्यांदा उघडताना प्रत्येक लिंक अनोळखीच असते. माणूस दिवसाला शेकड्यांनी क्लिक करतो, कारण ते यंत्र त्यासाठीच बनवलेलं आहे. त्यातल्या प्रत्येक क्लिकला डोळ्यांत तेल घालून बसा असं सांगणं म्हणजे काहीच न सांगता हात झटकणं.

वीज घराघरांत आली तेव्हा 'करंटपासून जपा' एवढं बजावून कुणी थांबलं नाही. मुख्य बोर्डावर एमसीबी, म्हणजे बिघाड होताच आपोआप वीज तोडणारी कळ, आली, आणि अँपिअर कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही त्याचंही घर बऱ्यापैकी सुरक्षित झालं. घरातल्या इंटरनेटचा तो बोर्ड म्हणजे ब्राउझर. म्हणून ब्राउझर निवडताना एकच कसोटी लावावी असं माझं मत आहे: कुणीही सेटिंगला हात लावला नाही, तर हा ब्राउझर आपणहून काय करतो? बहुतेक घरांत सेटिंगचं पान कधीच उघडलं जात नाही. जे आयतं मिळालं तेच वर्षानुवर्षं चालतं. तेव्हा आयतं काय द्यायचं हे ठरवणारा माणूस त्या घराच्या सुरक्षिततेचा खरा निर्णय घेत असतो, आणि जाब विचारायचा तर त्याला विचारायला हवा.

'सगळ्यात सुरक्षित ब्राउझर कोणता' या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर तसं कंटाळवाणं आहे. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, ब्रेव्ह यांपैकी कोणताही, फक्त ताजा हवा. या सगळ्यांत वेबपानाला उरलेल्या यंत्रापासून वेगळं कोंडून ठेवण्याची सोय आहे. धोकादायक पत्त्यांच्या याद्या सगळ्यांकडे आहेत; फायरफॉक्स आणि सफारी तर त्यासाठी गूगलचीच यादी वापरतात. क्रोम आणि फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या दर काही आठवड्यांनी येतात आणि तातडीच्या दुरुस्त्या त्याआधीही. कुणाची भिंत दोन बोटं जाड, कुणाची पातळ, हा वाद जाणकारांनी घालावा. घरच्या माणसाला त्याने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो दुरुस्त्या यायच्या थांबल्या की. इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. आयफोनवर तुम्ही क्रोम टाका की फायरफॉक्स, आत पान दाखवणारं इंजिन सफारीचंच असतं, म्हणजे वेबकिट. ॲपलचा नियमच तसा आहे. युरोपीय संघात २०२४ पासून कायद्यामुळे मुभा मिळाली, पण बहुतेक ठिकाणी स्थिती अजून तीच आहे. हे इंजिन फोनच्या मूळ सॉफ्टवेअरबरोबर अद्ययावत होतं. त्यामुळे जुन्या आयफोनला कंपनीकडून सुरक्षा दुरुस्त्या मिळेनाशा झाल्या, की त्यावरचा प्रत्येक ब्राउझर एकदमच म्हातारा होतो. वरचं चिन्ह बदलून काही साधत नाही. संगणकाचं गणित थोडं वेगळं. विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ च्या सुरुवातीला थांबल्या, तर फायरफॉक्सने जुन्या यंत्रांसाठी ११५ ही विशेष आवृत्ती त्यानंतरही डागडुजी करून चालू ठेवली. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरात आजोबांना किंवा शाळकरी मुलाला 'जुना चालेल' म्हणून दिलेलं यंत्र याच गटातलं असतं. ज्याला सर्वात जास्त संरक्षण हवं, त्याच्याच हाती सर्वात कमी संरक्षण. हा आपला घरगुती अन्याय आहे, आणि यात कंपन्यांइतकेच आपणही सामील आहोत.

मोठ्या ब्राउझरांमधला खरा भेद दिसतो तो पाळतीच्या बाबतीत. कुकी ही १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली या अभियंत्याने आणलेली साधी सोय. संकेतस्थळाने तुम्हाला पुढच्या वेळी ओळखावं, एवढाच तिचा उद्देश. पुढे जाहिरात कंपन्यांनी तिचा उपयोग करून एकाच माणसाचा माग शेकडो संकेतस्थळांवर काढायला सुरुवात केली. या तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांनी ठेवलेल्या, कुकींना सफारीने २०१७ पासून वेसण घातली आणि २०२० मध्ये त्या पूर्णच अडवल्या. फायरफॉक्सने २०१९ मध्ये माहीत असलेले पाळतखोर अडवले आणि २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. दोन्हीकडे आयतंच, वापरणाऱ्याला काही करावं लागत नाही. क्रोमने २०२० च्या जानेवारीत जाहीर केलं की दोन वर्षांत आम्हीही हे बंद करू. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि २०२४ मध्ये तो बेतच गुंडाळला गेला. जगातला सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीचा आहे, एवढं लक्षात घेतलं की यात आश्चर्य उरत नाही. न्यायाने बोलायचं तर ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानेही इथे अडकाठी केली होती: गूगलने इतरांच्या कुकी बंद केल्या तर छोट्या जाहिरात कंपन्या मरतील आणि गूगल आणखी बलाढ्य होईल, ही त्यांची शंका. शंका रास्त होती. पण या भांडणात वापरणाऱ्याच्या वतीने बोलायला कुणीच बसलेलं नव्हतं.

आयत्या सेटिंगची ताकद कुणी सर्वात आधी ओळखली असेल तर ती जाहिरात उद्योगाने. 'माझा माग काढू नका' अशी विनंती ब्राउझरने संकेतस्थळाला पाठवायची, अशी एक योजना पंधरा वर्षांपूर्वी निघाली होती. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरच्या दहाव्या आवृत्तीत ती विनंती सुरुवातीपासूनच चालू ठेवायचं ठरवलं. जाहिरातवाल्यांनी लगेच ओरड केली: माणसाने स्वतः निवडलेलं नाही, तर ही त्याची इच्छा आहे असं आम्ही का मानावं? याहू या कंपनीतल्या मंडळींनी तर त्या ब्राउझरची विनंती पाळणार नाही असं उघड सांगितलं. आणि पाळत मात्र माणसाने कधीच निवडलेली नसताना चालू होती! तिथे त्याची इच्छा विचारायची गरज कुणाला वाटली नव्हती. पुढे मायक्रोसॉफ्टने माघार घेतली, योजना बारगळली, २०२५ मध्ये फायरफॉक्सनेही ते बटण काढून टाकलं. विनंती करणारं बटण गेलं. थेट अडवणारी व्यवस्था टिकली. यातून काय शिकायचं ते उघड आहे.

अर्थात, यात कुणी धुतल्या तांदळासारखा नाही. सफारीत शोध घेण्यासाठी गूगल आधीपासून निवडलेलं असावं म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्साही अशाच करारातून येतो. म्हणजे पाळतीविरुद्ध लढणाऱ्याचा पगार पाळत ठेवणाऱ्याकडूनच. तरीही भेद उरतो. गूगलचा धंदा तुमच्याबद्दलच्या माहितीवर चालतो आणि ॲपलचा तुम्ही त्याचा फोन घेता यावर. दोघांच्या आयत्या सेटिंगमध्ये हे लख्ख दिसतं.

कुणी म्हणेल, पाळत हा खासगीपणाचा प्रश्न झाला, सुरक्षिततेचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जाहिरातीतून जातो. घरातली फसवणूक बऱ्याचदा शोधाच्या पहिल्या ओळीपासून सुरू होते. एखाद्या सेवेचा मदत क्रमांक शोधायचा, सॉफ्टवेअर डाउनलोड करायचं, बँकेचं पान उघडायचं. वर दिसते ती पैसे देऊन लावलेली जाहिरात, खाली खरा निकाल. दोन्हींची मांडणी आता इतकी सारखी की 'प्रायोजित' हा बारीक शब्द तरुण डोळ्यांनाही चुकतो. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नागरिकांसाठी सूचना काढली, की भामटे ओळखीच्या कंपन्यांची नावं वापरून शोधात जाहिराती लावत आहेत, तेव्हा शोध घेताना ॲड-ब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं साधन, वापरा. पोलीस यंत्रणा ॲड-ब्लॉकरची शिफारस करते, ही मला त्या वर्षातली ब्राउझरविषयीची सर्वात मोठी बातमी वाटली. फारशी गाजली नाही.

आणि नेमके त्याच काळात क्रोममध्ये एक्स्टेन्शनसाठीचे, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरसाठीचे, नियम बदलले जात होते. नव्या नियमांत ब्लॉकरला पानाची प्रत्येक मागणी स्वतः तपासून अडवता येत नाही. आधी दिलेल्या यादीवर काम भागवावं लागतं. २०२४-२५ मध्ये युब्लॉक ओरिजिन हा सर्वात नावाजलेला ब्लॉकर क्रोममध्ये बंद पडला. त्याची हलकी आवृत्ती चालते, फायरफॉक्समध्ये मूळचा चालतो. गूगलचं म्हणणं होतं की इतके अधिकार एक्स्टेन्शनला देणं धोक्याचं आहे. हे म्हणणं पोकळ नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन मूळ निर्मात्याने दुसऱ्याला विकलं, नव्या मालकाने आत काय काय भरलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक म्हणून काढून टाकावं लागलं. वापरणाऱ्यांना मालक बदलल्याचा पत्ताही नव्हता. म्हणून घरच्या यंत्रावर एक चांगला ब्लॉकर ठेवावा, आणि कूपन शोधणारं, पानाचा रंग बदलणारं, हवामान दाखवणारं जे जे साचलंय ते काढून टाकावं. पण एक्स्टेन्शन धोकादायक असतात म्हणून जाहिराती अडवणाऱ्याचेच हात बांधायचे, आणि फसव्या जाहिरातींचे पैसे मात्र घेत राहायचे, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

आता त्या क्लिककडे जरा जवळून पाहू. गेल्या एक-दोन वर्षांत पसरलेला एक प्रकार आहे. एक पान उघडतं. मधोमध ओळखीची चौकट: 'मी रोबोट नाही'. तुम्ही टिकमार्क करता. चौकट म्हणते, पडताळणी पूर्ण करण्यासाठी तीन पायऱ्या. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. मग कंट्रोल आणि व्ही. मग एंटर. झालं. त्या पहिल्या टिकमार्कच्या क्षणी पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे तात्पुरतं राहतं तिथे, एक आज्ञा गुपचूप ठेवलेली असते. विंडोज-आरने आज्ञा लिहिण्याची चौकट उघडते, कंट्रोल-व्हीने ती तिथे चिकटते, एंटरने चालू होते. ब्राउझरची भिंत, त्यावर वर्षानुवर्षं खर्च झालेली बुद्धी, सगळं बाजूला राहतं, कारण आज्ञा माणसाने स्वतः दिलेली आहे. काही मिनिटांत साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन दुसरीकडे पोहोचतात.

इथे 'केलंत कशाला' विचारायचं असेल तर आधी हे विचारू या, की हे करायची सवय लावली कुणी. ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखा, वाकडी अक्षरं वाचा, बसचे चौकोन निवडा. दोन दशकं वेबने माणसाला शिकवलं की पान जे अर्थहीन काम सांगेल ते मुकाट्याने केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भामट्याने फक्त त्यात तीन पायऱ्या जोडल्या. कुकीच्या परवानगीचं तेच. युरोपातल्या कायद्याचा हेतू चांगला होता, पण उद्योगाने त्याचं रूपांतर प्रत्येक पानावर उगवणाऱ्या अशा चौकटीत केलं जिथे 'मान्य' ठळक असतं आणि 'अमान्य' दोन पानं मागे दडलेलं. परिणाम काय? न वाचता 'मान्य' दाबणं हे एक प्रतिक्षिप्त कर्म होऊन बसलं. हीच माणसं मग नोटिफिकेशनच्या चौकटीतही 'अलाउ' दाबतात आणि पुढे महिनोन् महिने 'तुमच्या संगणकात व्हायरस सापडला' अशा खोट्या सूचना झेलतात. ज्यांनी सवय लावली ते आणि सवयीची किंमत मोजणारे, हे दोन वेगळे गट आहेत.

हे आयतं सुधारता येतं याचा पुरावा त्याच नोटिफिकेशनमध्ये आहे. जानेवारी २०२० मध्ये फायरफॉक्सने ठरवलं की पान उघडताक्षणी ही परवानगी मागता येणार नाही. वापरणाऱ्याने पानावर काही केल्याशिवाय चौकट वर येणारच नाही. क्रोमनेही त्याच सुमारास त्रासदायक संकेतस्थळांसाठी ती चौकट दबकी केली. कुणाला प्रशिक्षण द्यावं लागलं नाही, पत्रक वाटावं लागलं नाही. मग क्लिपबोर्डचं का होऊ नये? आयफोनवर २०२० मध्येच, एखादं ॲप दुसरीकडून आलेला क्लिपबोर्ड वाचतं तेव्हा वर पट्टी दिसू लागली. संगणकावरच्या ब्राउझरनेही, पानाने गुपचूप काही कॉपी केलं तर, काय कॉपी केलं ते ठळकपणे दाखवायला काय हरकत आहे?

कुलपाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. बरीच वर्षं लोकांना एकच पढवलं गेलं: पत्त्याशेजारी कुलूप असेल तर पान सुरक्षित. कुलपाचा अर्थ इतकाच, की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधला रस्ता बंदिस्त आहे. पलीकडे कोण बसलंय याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने यासाठीची प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली, आणि तो वेबवरचा फार मोठा उपकार होता; पण फुकट प्रमाणपत्र भामट्यालाही मिळतं. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने कुलपाचं चिन्ह काढूनच टाकलं, कारण लोक त्याचा चुकीचा अर्थ घेत होते. चिन्ह गेलं तरी 'कुलूप बघा' हा सल्ला अजून घरोघरी फिरतोच आहे. चुकीचा सल्ला मागे घेण्याची कुणाची जबाबदारी नसते.

मग बघायचं काय? पत्ता. पण पत्ता वाचणं ही कला आहे आणि ती उलट्या बाजूने चालते. समजा असा पत्ता आला: माझीबँक.कॉम.खाते-पडताळणी.नेट/माझीबँक/लॉगिन. डोळा डावीकडून वाचतो, 'माझीबँक.कॉम' दिसतं, समाधान होतं. खरं नाव शोधायचं तर पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून मागे वळून शेवटचे दोन तुकडे घ्यायचे: खाते-पडताळणी.नेट. हाच खरा मालक. त्याच्या डावीकडे आणि रेघेच्या उजवीकडे जे काही आहे ते तो मनाला येईल तसं लिहू शकतो. काही देशांच्या पत्त्यांत शेवटचे तीन तुकडे घ्यावे लागतात, म्हणजे तोही नियम पक्का नाही. इतकं शिकूनही फोनवर उपयोग बेताचाच. पत्त्याची पट्टी अरुंद, पान वर सरकवलं की तीही गायब. समाजमाध्यमाच्या ॲपमधून लिंक उघडली तर ती बहुधा त्या ॲपच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, जिथे तुमचा ब्लॉकर नाही, साठवलेले पासवर्डही बऱ्याचदा नाहीत. आणि २०१७ मध्ये एका संशोधकाने ॲपलच्या पत्त्यासारखाच हुबेहूब दिसणारा पत्ता सिरिलिक लिपीतल्या अक्षरांनी बनवून दाखवला होता. डोळ्याने तो ओळखणं अशक्य होतं. क्रोमने दुरुस्ती केली तेव्हाच तिथे तो प्रकार आवरला.

थोडक्यात, हे काम डोळ्याचं नव्हेच. ते पासवर्ड मॅनेजरचं, म्हणजे पासवर्ड साठवून आपणहून भरणाऱ्या सोयीचं, आहे. तो पत्ता 'वाचत' नाही, अक्षरन् अक्षर ताडून पाहतो. खऱ्या बँकेच्या पानावर तो पासवर्ड आपणहून भरतो, खोट्या पानावर गप्प बसतो. घरच्या माणसांना शिकवायचंच असेल तर एवढंच शिकवावं: जिथे रोज आपोआप भरलं जातं तिथे आज भरलं गेलं नाही, तर हाताने टाइप करू नका, पान बंद करा. सुरक्षिततेवरच्या तासभराच्या व्याख्यानापेक्षा हे एक वाक्य जास्त घरं वाचवेल असं मला वाटतं. यासाठी ब्राउझरमधला फुकटचा मॅनेजरही पुरेसा आहे. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी यंत्रात राहणारी डिजिटल किल्ली, तर याच्याही पुढे जाते. ती ज्या संकेतस्थळासाठी बनली त्याखेरीज कुठे चालतच नाही, त्यामुळे माणूस फसला तरी किल्ली हवाली करू शकत नाही. २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी तिला एकत्र पाठिंबा जाहीर केला. माझी कुरकुर एवढीच, की घरात चार जणांत एकच संगणक असतो, फोन हरवतात, आणि पासकीची आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र प्रत्येक यंत्राचा एकच धनी असतो.

सामायिक संगणकाबद्दल म्हणूनच आग्रहाने सांगतो: विंडोज असो वा मॅक, प्रत्येकासाठी वेगळं खातं काढा. ब्राउझरमधलं वेगळं प्रोफाइल पुरत नाही, ते फक्त पसारा वेगळा ठेवतं. वेगळं खातं असलं की मुलाने खेळाच्या नादात काही चालवलं, तरी तुमचे साठवलेले पासवर्ड त्याच्या हाताला सहजासहजी लागत नाहीत. मुलांच्या खात्याला प्रशासकाचे अधिकार देऊ नका. लहानांसाठी नको ती पानं गाळणारी डीएनएस सेवा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी) राउटरवर लावता येते, क्लाउडफ्लेअरची फुकट आहे. तिचा उपयोग मूल मित्राच्या फोनवर जाईपर्यंत. ब्राउझरची खासगी खिडकी, इन्कॉग्निटो, घरातल्या माणसांपासून लपवते, संकेतस्थळांपासून नाही. गूगलला यावरून झालेल्या खटल्यात २०२४ मध्ये साठवलेल्या नोंदी नष्ट करायला तयार व्हावं लागलं. आणि आजींना पासवर्ड वहीत लिहून ठेवायचे असतील तर खुशाल लिहू द्या. त्यांच्यावर टपलेला चोर हजार कोसांवर बसलेला आहे, त्याला कपाटातली वही दिसत नाही. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला हा नियम अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच मोडीत काढला. लोक शेवटचा आकडा वाढवण्यापलीकडे काही करत नाहीत, हे त्यांनाही कळलं होतं. कार्यालयांना अजून कळायचंय.

खापर फोडण्याचा खरा तोटा पैशाच्या पुढचा आहे. फसलेल्या माणसाला आधी लाज वाटते. लाज वाटली की तो लपवतो. वडील मुलाला सांगत नाहीत, सून सासूला सांगत नाही, आणि ज्या पहिल्या काही तासांत बँकेला कळवून पैसे अडवता आले असते ते तास संकोचात जातात. ही लाज भामट्याच्या फार कामाची असते. 'तुम्ही भोळे म्हणून फसलात' ही भाषा आपण बोलतो तेव्हा नकळत त्याचंच काम हलकं करतो.

आयत्या सेटिंगचं राजकारण जुनं आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर आपला ब्राउझर फुकट दिला, नेटस्केप संपला, बाजार हातात आला. मग काय झालं? सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी २००६ मध्ये. मधली पाच वर्षं जगभरची घरं भोकं पडलेल्या ब्राउझरवर चालली, कारण सुधारणा करायला कुणी भाग पाडत नव्हतं. २००४ मध्ये फायरफॉक्स आला तेव्हा कुठे हालचाल झाली. युरोपीय आयोगाने २०१० पासून विंडोजवर ब्राउझर निवडीचा पडदा दाखवायला लावला. मायक्रोसॉफ्टने मध्ये तो दाखवायचं 'राहून गेलं' म्हणून २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोंचा दंड भरला. आता तोच पडदा तिथे फोनवर आला आहे. मला या पडद्याचं कौतुक आहे, पण अपुरं. त्यावर नावं आणि चिन्हं असतात. माणूस ओळखीचं चिन्ह दाबतो, म्हणजे पुन्हा तेच. त्या पडद्यावर प्रत्येक नावाखाली तीन ओळी सक्तीच्या असाव्यात: हा ब्राउझर पाळत आपणहून अडवतो की नाही, तुमच्या या यंत्राला सुरक्षा दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील, आणि बनवणाऱ्याला पैसे कुठून मिळतात. आणि शोधात बँकेच्या नावाची खोटी जाहिरात लावून कुणी लुबाडलं, तर त्या जाहिरातीचे पैसे घेणाऱ्यानेही नुकसान भरावं. एकदा खिशाला चटका बसला, की जाहिरातदार खरा आहे का हे तपासायची कला त्यांना एका रात्रीत अवगत होईल.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की लोकांच्या वतीने कंपन्यांनी वा सरकारने ठरवणं म्हणजे लोकांना बाळ समजणं. पण ठरवणं थांबतच नाही. काहीतरी आयतं असणारच. आज ते जाहिरात विकणाऱ्याच्या सोयीने ठरतं. ज्याला पाळत हवी आहे त्याने सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी, त्याला कुणी अडवलेलं नाही.

तोवर घरी काय करायचं? मी संगणकावर फायरफॉक्स आणि युब्लॉक ओरिजिन ही जोडी सुचवतो. ज्याला एक्स्टेन्शनची कटकटच नको त्याने ब्रेव्ह घ्यावा. इंजिन क्रोमचंच आहे, पण जाहिराती आणि पाळत सुरुवातीपासून अडवलेली. आयफोनवर सफारी ठीक आहे. फायरफॉक्सबाबत एक धास्ती आहे: तो गूगलच्या पैशावर उभा आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने गूगलची शोधातली मक्तेदारी बेकायदा ठरवली, पण २०२५ मध्ये क्रोम विकायला लावलं नाही आणि असे पैसे देण्यावरही सरसकट बंदी घातली नाही. बंदी आली असती तर पहिला घाव बहुधा मोझिलावर बसला असता, आणि वेबची जेमतेम तीन मोठी इंजिनं उरलीत त्यातलं एक डळमळलं असतं.

फायरफॉक्समध्ये अधूनमधून एखादं संकेतस्थळ नीट उघडणार नाही, फॉर्मचं बटण दाबलं जाणार नाही, 'कृपया क्रोम वापरा' अशी पाटी येईल. एकेकाळी अशाच पाट्या इंटरनेट एक्स्प्लोररच्या नावाने लागायच्या. अशा वेळी काम अडवून धरू नका, तेवढ्यापुरता दुसरा ब्राउझर उघडा. पण ते संकेतस्थळ सरकारी कार्यालयाचं, बँकेचं किंवा शाळेचं असेल तर त्यांच्या तक्रार विभागाला दोन ओळी जरूर लिहा, की तुमचा फॉर्म एकाच कंपनीच्या ब्राउझरमध्ये चालतो आणि हे आम्हाला मान्य नाही. पानाचा फोटो जोडा, तारीख घाला, आणि उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी पुन्हा लिहा.